घोणीचा पाण्या-मिठाचा हिशेब



रात्रीची लाईट आली, की आपण दारं धरायला उसात जातो. सरीत पाणी शिरलं, की पाचटाखालून घोण वर येते. पायाला डसली तर माणूस रात्रभर तळमळतो. ती नेमकी पाण्याबरोबरच का निघते, हे समजून घेऊ.

मुंगळा, टोळ भर उन्हात हिंडतात, कारण त्यांच्या कातडीवर मेणाचा पातळ थर असतो. घोणीच्या जातकुळीत तो तितका पक्का नसतो. अंगाच्या कडेला श्वासाची भोकं असतात, त्यांतूनही ओल उडते. म्हणून अंबड-घनसावंगीकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात ती भेगांत, दगडाखाली नाहीतर पाचटात दडते आणि रात्री बाहेर पडते. गेलेलं पाणी ती पिऊन आणि भक्ष्याच्या रसातून भरून काढते.

आता मिठाचे पाहू. आपल्याला मूत्रपिंडं आहेत. घोणीला आतड्याला जोडलेल्या दोन लांब, बारीक नळ्या आहेत. या नळ्या रक्तातले क्षार व घाण ओढतात, त्यांच्यामागे पाणी येते. मीठ जिकडे, पाणी तिकडे! पुढे आतड्याच्या शेवटच्या भागात कामाचे क्षार व पाणी परत घेतले जाते. खारवट रानात ओल असूनही ऊस सुकतो, तिथेही हाच नियम. मिठाने पाणी धरून ठेवले, की मुळांना ते ओढता येत नाही.

म्हणजे घोणीला ओल हवी, पण पूर नको. बिळात पाणी भरलं, की श्वासाची भोकं बुडतात, म्हणून ती वर पळते.

तेव्हा दारं धरताना बूट घाला, बॅटरी जवळ ठेवा. पाचटात उघडा हात घालू नका. तोडणी कामगारांच्या कोपीत लेकरं भुईवर न निजवता बाजेवर निजवा. डसल्यास जागा साबणाने धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्याने शेका. चिरा देऊ नका. दम लागला, अंगावर गांधी उठल्या किंवा लहान मूल असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

आणि घोणीच्या भीतीने पाचट पेटवू नका. तेच पाचट रानाची ओल राखतं, आणि घोण त्यातल्या किड्या-अळ्या खाते.