फडात पिल्लू दिसलं, तर आधी मागे फिरा



ऊसतोड सुरू झाली की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, निफाड या भागांतले फोटो मोबाईलवर फिरू लागतात. पाचटावर नाहीतर कुणाच्या तरी हातात बिबट्याची दोन-तीन पिल्लं, आणि भोवती माणसांची गर्दी. बघून आपणही म्हणतो, "किती गोड!" पण फडात कोयता घेऊन, वाढं गोळा करत सगळ्यात पुढे आपणच बायका असतो. म्हणून हा पाठ आपल्यासाठी.

पिल्लं उसातच का असतात?

ऊस उंच आणि दाट असतो, पाणी जवळ असतं. वस्तीवरची कुत्री, शेळ्या, रानडुकरं अशी शिकार मिळते. मादीला लपायला याहून चांगली जागा कुठली? तिला एका वेळी साधारण दोन-तीन पिल्लं होतात. पहिला आठवडाभर तरी त्यांचे डोळे मिटलेलेच असतात. त्यांना सरीत ठेवून आई शिकारीला जाते. आपण बाळाला झोळीत निजवून कामाला लागतो, तेव्हा ते बाळ बेवारस असतं का? तसंच हे. एकटं दिसलेलं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं. आई जवळपासच दबून बसलेली असू शकते.

फोटोनं काय बिघडतं?

एक फोटो काढायला किती वेळ लागतो? पण तो एकच कधी राहत नाही. एकीनं काढला की दुसरी जवळ जाते, कुणी पिल्लू उचलतं, कुणी ते गटावर टाकतं. अर्ध्या तासात शेजारच्या वस्तीवरची पोरं गाड्या घेऊन हजर! एवढ्या गोंगाटात आई पिल्लांजवळ येत नाही. आणि आलीच, तर ती पिल्लांसाठी अंगावर धावून येऊ शकते. पिल्लं तिथून हलवली, तर रात्री ती त्यांना शोधत फिरते. त्याच फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात आणि त्यांत लेकरं झोपलेली असतात. दुपारच्या फोटोची किंमत रात्री कुणाला मोजावी लागेल, याचा विचार करा.

मग करायचं काय?

१. कोयता थांबवा. आरडाओरडा न करता सगळ्याजणी आल्या वाटेनं मागे फिरा. पिल्लं आणि आई यांच्या मध्ये उभं राहू नका.

२. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा तुमच्या वनरक्षकाला फोन करा. गट नंबर, बांधाची खूण आणि किती पिल्लं दिसली ते सांगा.

३. लांबून सहज फोटो निघत असेल तर एकच काढा, फ्लॅश बंद ठेवून, आणि तो फक्त वनरक्षकाला पाठवा. रानमांजर आणि वाघाटी यांची पिल्लंही उसात सापडतात. ओळख पटवायला फोटोचा उपयोग होतो. पण त्यासाठी एक पाऊलही पुढे टाकू नका.

४. गाईचं दूध पाजू नका. ते पिल्लाला बाधतं, आणि तोंडात ओतलेलं दूध श्वासनळीत जाऊ शकतं.

५. पिल्लू घरी नेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला पकडणं हेही शिकारीतच मोडतं आणि त्याला किमान ३ वर्षांची कैद आहे.

कुणी आधीच उचललं असेल तर?

लपवू नका! माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते, हा समज खरा नाही. वनविभागाचे लोक आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर अशी पिल्लं तपासतात. संध्याकाळी ती सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात आणि कॅमेरा लावून लांब थांबतात. अंधार पडल्यावर आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर पुन्हा प्रयत्न करतात. अशी कितीतरी पिल्लं आईकडे परत गेली आहेत. पण त्यासाठी नेमकी जागा कळावी लागते. म्हणून कुठून उचललं, ते खरं सांगा.

मजुरीचं काय?

ही अडचण खरी आहे. तोड थांबली की मजुरी बुडते, गाडी खोळंबते, मुकादम चिडतो. म्हणून बोलणं आधीच झालेलं बरं. हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसंघानं शेतमालक आणि मुकादम यांच्याशी ठरवून ठेवावं, की पिल्लं दिसली तर त्या दिवशी टोळी दुसऱ्या फडात जाईल आणि कुणाचीही मजुरी कापली जाणार नाही. त्या रात्री कोपीबाहेर दिवा ठेवा, लेकरांना आत मध्ये निजवा आणि बाहेर जायचं तर दोघी-तिघी मिळून जा.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या वनरक्षकाचा नंबर गटातल्या किती जणींकडे आहे? आजच मोबाईलमध्ये घालून घ्या.
- गावाच्या गटावर असा फोटो आला, तर तो पुढे न पाठवता आपण काय उत्तर देऊ?
- पिल्लं दिसल्यावर टोळी कुठल्या फडात हलवता येईल?

चर्चेत जे ठरेल, ते इतिवृत्तात लिहा आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या घ्या. पिल्लू गोड असतंच, त्यात शंका नाही. पण त्याला आई हवी आहे आणि आपल्याला आपली लेकरं सुखरूप हवीत. दोन्हीसाठी मागे फिरणं हेच शहाणपण.