हूल

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हूल हे स्त्रीलिंगी नाम. समोरच्याचे लक्ष एकीकडे वळवून आपण दुसरीकडे निसटायचे, ती हूल. ती देतात किंवा दाखवतात. ‘उठणे’ लागले की अर्थ फिरतो, कारण हूल उठते ती खोट्या वार्तेची. पूर्वपरीक्षा बुडवून भाची मैदानावर असते, हे मामाच्या कानी आले. तीही नुसती उठलेली हूल असावी, असे त्याला फार वाटते.

हा शब्द खरा नांदतो तो खो-खोत. पाठलाग करणारीला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पळणारी मात्र बसलेल्या आठ जणींमधून कुठूनही जाऊ शकते. ती डावा खांदा झुकवते, नजरही तिकडेच टाकते. मागची त्या बाजूला झेपावते, तोवर ही उजवीकडून पार. मामाच्या मते खेळातली याहून देखणी गोष्ट नाही.

1663 मध्ये लाल महालावरील छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगली फौज कात्रजकडे वळवली, असे सांगतात. ‘कात्रजचा घाट दाखवणे’ त्यावरून आले. तीही हूलच, पण शत्रूला दिलेली.

हुलकावणी हा तिचाच विस्तार. मृग कोरडा गेला की पावसाने हुलकावणी दिली म्हणतात. दिशाभूल जास्त जड. हूल क्षणाची असते, दिशाभूल मुक्कामाला राहते. घरात दिलेली हूल मात्र मुक्काम करते, म्हणून परीक्षेची ती बातमी मामाच्या मनातून जात नाही. हूल द्यायला मागे कोणी धावणारे लागते. आई तर डबा भरून दारात उभी असते, तिला हूल कसली द्यायची?

मामानेही नापासाचा निकाल लपवायला वडिलांना जत्रेच्या गप्पांत गुंतवले होते. ते गुंतले. त्यांच्या माघारी पत्र्याच्या पेटीत, धोतराखाली, तीच गुणपत्रिका चार घड्या घालून ठेवलेली सापडली. त्यांना सगळे ठाऊक होते. विचारायचे ते तेवढे राहून गेले.

परीक्षा बुडाली असेल तर बुडाली असे आईला सांगावे. मामा रागावेल, पण जेवणापर्यंतच. रविवारी तो सामना बघायला येणार आहे. गुडघ्याची जखम अजून ओली आहे का आणि बूट कितव्या मापाचे आणायचे, ते कळवावे.

मामाचे आशीर्वाद