मशकनिवारक लोशनची निवड : कुटुंबाला काय सुचवावे?

पावसाळ्याच्या अखेरीस, आश्विनाच्या सुमारास, आमच्या युसूफ वडगाव (ता. केज, जि. बीड) परिसरातील चिकित्सालयांत एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टरसाहेब, डास चावू नयेत म्हणून लेकराला लावायला एखादं आयुर्वेदिक तेल द्या." विचारणारे कुटुंब पुष्कळदा दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात निघणार असते. पुढील पाच-सहा महिने पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत काढायचे. तेथे ना खिडकीला जाळी, ना पंखा. अशा कुटुंबाला आपण जी बाटली देतो तिच्यावर ते पूर्ण विसंबतात. म्हणून ती बाटली कोणती असावी याचा विचार व्यवसायबंधूंनी व औषधविक्रेत्यांनी भावनेने न करता द्रव्य, मात्रा आणि काल यांच्या कसोटीवर करावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम ग्रंथोक्त आधार पाहू. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात सामुद्र, परिमंडल, हस्तिमशक, कृष्ण व पार्वतीय असे मशकांचे पाच प्रकार वर्णिले असून पार्वतीय मशकाचा दंश प्राणहर कीटांच्या दंशासमान मानला आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात व्रणिताच्या रक्षणार्थ सर्षप, निंबपत्र, घृत व लवण यांचे धूपन सांगितले आहे. काश्यपसंहितेत तर धूपकल्प हा स्वतंत्र अध्यायच आहे. मात्र हा आधार धूपनाचा आहे. तो पुढे करून तेलाच्या बाटलीवर 'शास्त्रोक्त मशकनिवारक' असे छापणे योग्य नव्हे. शिवाय पाचटाच्या कोपीत धूपन म्हणजे आगीला आमंत्रण, आणि श्वासाचा त्रास असलेल्या बालकाला धुराचा उपद्रव वेगळाच.

कोणता डास, कोणती वेळ

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचे परजीवी आढळले. आपला बीड जिल्हाही त्या काळी त्याच निजामाच्या राज्यात होता. हिवतापाचा वाहक अ‍ॅनॉफिलिस हा मुख्यतः रात्री चावतो. त्याच्यापासून मच्छरदाणी चांगले रक्षण करते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणारा एडीस इजिप्ती मात्र दिवसा चावतो, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वीच्या दोन-तीन तासांत. त्या वेळी मूल शाळेत, अंगणात किंवा फडाच्या कडेला असते. लोशनची खरी गरज तेथे आहे. आणि रात्री झोपतानाच तेल लावणारी माता नेमकी तीच वेळ मोकळी सोडते.

चिकुनगुन्या आपल्याकडे नवा नाही. १९७३ साली बार्शीत त्याची साथ आली होती. त्यानंतर सुमारे तीन दशके तो जवळजवळ विस्मृतीत गेला आणि २००६ साली मराठवाड्यात पुन्हा प्रकटला. एडीस स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचे मांजरा धरण आटले व लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असे उन्हाळे पाहिलेल्या घरांत बॅरल, रांजण व हौद भरून ठेवण्याची सवय पावसाळ्यातही सुटत नाही, आणि त्यास दोष देता येत नाही. 'पाणी ओतून टाका' हा सल्ला येथे कोणी मानत नाही. 'फडके बांधा, आठवड्यातून एकदा भांडे घासून कोरडे करा' हा मानला जातो.

वेष्टनावर काय वाचावे

लोशनचे नाव वा त्यावरील पानाफुलांचे चित्र न पाहता कार्यकारी द्रव्य व त्याचे शेकडा प्रमाण पाहावे. डीट हे द्रव्य अमेरिकी सैन्यासाठी १९४६ साली विकसित झाले आणि १९५७ पासून नागरी वापरात आले. त्याच्या टक्केवारीविषयी मोठा गैरसमज आहे. प्रमाण वाढले की परिणाम तीव्र होत नाही, तो अधिक काळ टिकतो : सुमारे १० टक्क्यांना दोन तास, २४ टक्क्यांना पाच तास, ५० टक्क्यांपुढे फारसा लाभ नाही. बालकांसाठी ३० टक्क्यांची मर्यादा पाळावी. चष्म्याची फ्रेम व घड्याळाचा पट्टा यांचे प्लास्टिक डीटने खराब होते, हेही ग्राहकास सांगावे. २० टक्के इकारिडिन परिणामात डीटच्या तोडीचे असून प्लास्टिकला अपाय करीत नाही.

आपल्या दुकानांतील सर्वांत परिचित क्रीम म्हणजे ओडोमॉस. ते मूळचे बलसारा कंपनीचे. २००५ साली डाबरने बलसारा घेतल्यावर ते डाबरकडे आले. डाबर हे नाव पाहून अनेक ग्राहक त्यास आयुर्वेदिक समजतात. वस्तुतः त्यातील कार्यकारी द्रव्य डायइथाइल बेंझामाइड (१२ टक्के) हे कृत्रिम रसायन आहे. यात वावगे काही नाही, द्रव्य उपयुक्त आहे. परंतु ग्राहकाने विचारल्यास आपण खरे सांगावे.

आता आपल्या निंबतैलाविषयी. दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलात २ टक्के निंबतैल मिसळून लावले असता अ‍ॅनॉफिलिस डासांपासून बारा तास संपूर्ण संरक्षण मिळाल्याचे नोंदविले आहे. आपण हा दाखला अभिमानाने देतो, आणि द्यावाही. पण तो अ‍ॅनॉफिलिसचा आहे, म्हणजे हिवतापाचा. तोच दाखला देऊन डेंग्यूच्या साथीत निंबतैल विकणे ही रुग्णाची दिशाभूल होय. एडीसच्या बाबतीत वनस्पतिज तेलांचा अनुभव सावध करणारा आहे. २००२ साली अमेरिकेत याच डासावर झालेल्या तुलनात्मक चाचणीत २३.८ टक्के डीटने सरासरी ३०१.५ मिनिटे संरक्षण दिले, २ टक्के सोयाबीन तेलाच्या लोशनने ९४.६ मिनिटे, तर सिट्रोनेलाच्या उत्पादनांनी वीस मिनिटांहूनही कमी. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांचा जवळजवळ काहीच उपयोग दिसला नाही. त्या पट्ट्या आजही जत्रेत व दुकानांत रंगीबेरंगी लटकलेल्या दिसतात.

नामसादृश्यामुळे होणारे घोटाळेही ध्यानात ठेवावेत. मशकनिवारणासाठी प्रमाणित झालेले द्रव्य लिंबासारख्या वासाच्या निलगिरीच्या प्रजातीपासून प्रक्रिया करून मिळवतात. आपण पडशावर वाफेसाठी देतो ते निलगिरी तेल निराळे. ते लोशन म्हणून देऊ नये. तसेच सिट्रोनेला म्हणजे अंगणातला गवती चहा नव्हे. कुल एक, वनस्पती दोन.

वय व सुरक्षितता

दोन महिन्यांखालील अर्भकास कोणतेही लोशन नको, केवळ मच्छरदाणी. वर सांगितलेले लिंबगंधी निलगिरीचे द्रव्य तीन वर्षांखालील बालकास वर्ज्य समजावे. गर्भिणी व सूतिका यांना डीटयुक्त लोशन वेष्टनावरील सूचनेप्रमाणे वापरता येते. त्यांना उगाच घाबरवून डासांच्या स्वाधीन करू नये.

खोबरेल तेलात कापूर विरघळवून लहान मुलांच्या अंगास चोळण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. कापूर पोटात गेल्यास बालकास झटके येऊ शकतात, हे त्या मातेस कोणीही सांगितलेले नसते. निंबतैलही निरुपद्रवी नाही; ते पाजलेल्या अर्भकांत मेंदू व यकृतावर गंभीर परिणाम झाल्याचे वृत्त १९८१ साली मलेशियातून प्रसिद्ध झाले होते. म्हणून बाळाच्या हातांना, तोंडाजवळ व डोळ्यांपाशी काहीही लावू नये. मोठ्याने आपल्या तळहातावर घेऊन मुलास लावावे, कपड्याखाली लावू नये, घरात आल्यावर धुवावे. प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

स्वतः तेल सिद्ध करणाऱ्यांनी कायदाही स्मरावा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये आयुर्वेदीय औषधाची विक्रीसाठी निर्मिती करण्यास परवाना लागतो. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी केलेल्या औषधास सूट आहे. चिकित्सालयात केलेली बाटली शेजारच्या दुकानात मांडली की ती सूट संपते.

तोडणीला निघालेल्या कुटुंबास आम्ही असे सुचवितो : पहिला खर्च मच्छरदाणीवर, दुसरा १२ टक्के डायइथाइल बेंझामाइडच्या क्रीमवर, निंबतैल हवेच असेल तर रात्रीसाठी, मच्छरदाणीच्या जोडीला. फडात घाम पुष्कळ येतो, तेव्हा क्रीम दुपारी पुन्हा लावावे लागते. उसाच्या पात्याने हातांवर बारीक चिरा पडतात; त्यांवर क्रीम झोंबते, म्हणून तेथे ते न लावता पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्यास सांगावे.