त्याला काय कळतंय?



घरात पैशांची ओढाताण असते, आजी दवाखान्यात असते किंवा आई-पप्पांचे दोन दिवस बोलणे बंद असते. कोणी विचारले, ‘मुलांना सांगितलेत का?’ तर आपण म्हणतो, ‘छे, ती लहान आहेत. त्यांना काय कळतंय?’ शेजारच्या खोलीत गृहपाठाची वही उघडून मूल सारे ऐकत असते.

शुभवर्तमान (लूक २:४१-५२)

बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला, तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता. त्याच्या बुद्धीचे आपण कौतुक करतो. पण त्या गुरुजनांकडेही पाहू या. त्यांनी त्याला बसू दिले आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले. मरियेला मुलाचे उत्तर उमगले नाही, तरी तिने ते अंतःकरणात जपून ठेवले.

आपल्या पुण्यातील एक मुलगी

मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकत होती. सुमारे चौदाव्या वर्षी तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. धर्मग्रंथ आम्हांला बंद, तर मग आमचा धर्म कोणता, असे तिने देवालाच विचारले. आपल्या समाजातील बाळंतिणींच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, हेही तिने लिहिले. हे दुःख तिला कोणा पुस्तकाने सांगितले नव्हते. ते तिच्या भोवतीच होते. शाळेने तिला अक्षर दिले आणि आपले कोणी ऐकेल हा भरवसा दिला.

ख्रिस्तसभेचा अनुभव

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठासाठी नियम घालून दिला : महत्त्वाच्या प्रश्नावर सर्वांचे मत घ्यावे, कारण योग्य काय ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला दाखवतो. पुढे अनेक ठिकाणी प्रथम ख्रिस्तशरीरासाठी मुलांना दहा, बारा, कुठे चौदा वर्षांपर्यंत थांबवले जाई. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० रोजी हे वय साधारण सात वर्षांवर आणले. साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यांतला फरक मुलाला आपल्या कुवतीनुसार कळला, की पुरे.

आपल्या घरात

मुलाला कळते, म्हणजे सारे पेलवते असे नाही. अर्धे ऐकलेले ते मनाने पूर्ण करते आणि पुष्कळदा दोष स्वतःवर घेते : ‘माझ्यामुळेच पप्पा चिडतात.’ म्हणून खरे ते थोडक्यात सांगावे : ‘आजी आजारी आहे. डॉक्टर औषध देत आहेत. यात तुझी काही चूक नाही.’ मात्र कर्जाचे आकडे, मोठ्यांच्या तक्रारी आणि ‘तू कोणाच्या बाजूने?’ हा प्रश्न त्याच्यावर लादू नये.

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. एखाद्या माणसाकडे जायला मूल नाही म्हणू लागले किंवा त्याच्याविषयी काही सांगू लागले, तर त्याला गप्प करू नका. मग तो माणूस नातेवाईक असो, शिक्षक असो की चर्चमधील कोणी. शांतपणे ऐका, विश्वास ठेवा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, असे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या घरात मुलांना ठाऊक असलेली, पण कोणी न बोललेली गोष्ट कोणती?
२. मुलाने प्रश्न विचारला की आपण हातातले काम किंवा मोबाइल बाजूला ठेवतो का?
३. या आठवड्यात एका संध्याकाळी जेवताना मुलांना विचारू या, ‘तुला काय वाटते?’ आणि त्यांचे बोलणे संपेपर्यंत मध्ये न बोलता ऐकू या.