तेलात बुडालेले संगणक : द्रव-निमज्जन शीतन आणि ऊर्जेची बचत

गावोगाव खांबांवर उभी असलेली विद्युत् रोहित्रे, जी बोलीभाषेत ‘डीपी’ म्हणून ओळखली जातात, आतून तेलाने भरलेली असतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. हे तेल वंगणासाठी नसते. वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता बाहेर वाहून नेणे आणि विजेला आडवाट मिळू न देणे, ही दोन कामे ते एकाच वेळी करते. तेल चोरीला गेले किंवा गळून कमी झाले की रोहित्र जळण्याची वेळ येते, याचा अनुभव अनेक गावांनी घेतला आहे. हेच जुने तत्त्व आज संगणकाच्या क्षेत्रात नव्याने उपयोगात आणले जात आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्रे विद्युतरोधक द्रवात पूर्णपणे बुडवून थंड ठेवण्याच्या या पद्धतीस द्रव-निमज्जन शीतन असे म्हणतात.

उष्णतेचा प्रश्न

संगणकास पुरविलेली जवळजवळ सर्व वीज अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी २०२२ पासून वापरात आलेल्या काही चिप्स प्रत्येकी ७०० वॅटपर्यंत वीज घेतात. घरगुती इस्त्रीला लागते जवळपास तेवढी वीज तळहाताएवढ्या जागेत खर्च होते, आणि अशा शेकडो चिप्स एकाच दालनात रात्रंदिवस चालू असतात. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील माहिती-केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराचा हा सुमारे दीड टक्का होय.

माहिती-केंद्राची कार्यक्षमता मोजण्यासाठी ‘पीयूई’ हे गुणोत्तर वापरतात. केंद्रास लागणाऱ्या एकूण विजेस केवळ संगणकांना लागणाऱ्या विजेने भागले असता ते मिळते. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या पाहणीत त्याची सरासरी १.५६ आढळली. याचा अर्थ, संगणकाच्या प्रत्येक १०० युनिटांमागे आणखी ५६ युनिटे अन्य कामांवर खर्च होतात व त्यांतील मोठा भाग शीतनाचा असतो.

हवा आणि तेल यांतील फरक

हवा ही उष्णता वाहून नेण्यास दुबळी आहे. एक किलोवॅट उष्णता हवेने काढून घ्यावयाची असेल आणि हवेचे तापमान १० अंशांनीच वाढू द्यावयाचे असेल, तर दर सेकंदाला सुमारे ८३ लिटर हवा यंत्रावरून वाहवावी लागते. तेच काम खनिज तेलाच्या केवळ ६० मिलिलिटर प्रवाहाने होते. समान आकारमानात तेल हवेपेक्षा हजार पटींहून अधिक उष्णता सामावून घेते, हे याचे कारण होय. पाणी याहूनही सरस असले, तरी त्यात क्षार विरघळताच ते वीजवाहक बनते. म्हणून उघड्या विद्युत् मंडलांस त्याचा थेट स्पर्श होऊ देता येत नाही.

ऊर्जेची खरी बचत मात्र आणखी एका कारणाने होते. हवेने थंड करावयाच्या दालनात हवा पुरेशी गार ठेवण्यासाठी बहुधा वातानुकूलन यंत्रणेचा कॉम्प्रेसर चालवावा लागतो. द्रव हा चिपच्या थेट संपर्कात असल्यामुळे तो ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असला तरी चिप सुरक्षित राहते. एवढा कोमट द्रव थंड करण्यास बर्फगार पाणी लागत नाही. बाहेरची हवा वर्षाचा बराच काळ पुरेशी ठरते. शिवाय प्रत्येक संगणकातील छोटे पंखेही काढून टाकता येतात.

दोन पद्धती

पहिल्या पद्धतीत द्रव सदैव द्रवच राहतो. आडव्या टाकीत तेल भरून त्यात संगणकाचे फलक उभे सोडतात. तापलेले तेल पंपाद्वारे उष्णता-विनिमयकात जाते, तेथे आपली उष्णता पाण्यास देते आणि परत टाकीत येते. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील ‘त्सुबामे-केएफसी’ हा तेलात बुडविलेला महासंगणक नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘ग्रीन ५००’ या ऊर्जाकार्यक्षम महासंगणकांच्या जागतिक यादीत पहिला आला होता.

दुसऱ्या पद्धतीत सुमारे ५० अंशांस उकळणारा विशेष द्रव वापरतात. चिपच्या पृष्ठभागावर तो उकळतो, वाफ वर जाते, झाकणाजवळील थंड नळ्यांवर तिचे पुन्हा थेंब होतात व ते खाली पडतात. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला वाफेचे थेंब जमतात, तशीच ही क्रिया आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये अमेरिकेतील क्विन्सी येथील केंद्रात हिचा प्रयोग जाहीर केला होता. कल्पना मात्र जुनी आहे. १९८५ मध्ये तयार झालेल्या ‘क्रे-२’ या महासंगणकाचे फलकही फ्लोरिनयुक्त निष्क्रिय द्रवात बुडविलेले होते. त्यात द्रव उकळत नसून प्रवाहित ठेवला जाई.

मर्यादा आणि दक्षता

या पद्धतीच्या अडचणीही समजून घेणे आवश्यक आहे. तेलाने भरलेल्या टाक्या जड असतात; जमीन तेवढा भार पेलणारी हवी. साध्या हार्ड डिस्क तेलात चालत नाहीत. काही प्रकारचे केबलचे आवरण तेलात कडक होते. दुरुस्तीच्या वेळी फलक बाहेर काढून निथळावे लागतात. तेल पेट घेण्याचे तापमान उच्च असले पाहिजे आणि अग्निशमनाची व्यवस्था त्यास अनुरूप असली पाहिजे.

द्रवाची निवड हा सर्वांत गंभीर प्रश्न होय. एकेकाळी रोहित्रांसाठी पीसीबी नावाची रसायने न पेटणारी म्हणून पसंत केली गेली. पुढे ती निसर्गात टिकून राहतात व प्राण्यांच्या शरीरात साठतात असे दिसून आले आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात त्यांचा समावेश झाला. उकळणाऱ्या पद्धतीतील अनेक द्रव ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटात मोडतात, त्या गटाविषयीही अशीच चिंता निर्माण झाली. थ्रीएम या प्रमुख उत्पादक कंपनीने २०२५ अखेर या रसायनांचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने

देशातील माहिती-केंद्रांचा सर्वांत मोठा समूह मुंबई व नवी मुंबई परिसरात आहे. त्यामुळे हा विषय राज्याच्या वीज व पाणी नियोजनाशी निगडित आहे. १०० किलोवॅटचे संगणक वर्षभर चालवताना पीयूई १.५६ ऐवजी १.१० राखता आला, तर सुमारे ४ लाख युनिटांची बचत होते. मात्र उष्णता बाष्पीभवनाने घालविली, तर दर युनिट उष्णतेमागे सुमारे दीड लिटर पाणी उडून जाते. वीज वाचली आणि पाणी गेले, असा व्यवहार अवर्षणप्रवण भागास परवडणारा नाही. म्हणून असा प्रकल्प येईल तेथे अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी चार गोष्टी विचाराव्यात : वीज किती लागणार, उन्हाळ्यातील पाणी कोठून येणार, द्रव कोणता आणि त्याची अखेरची विल्हेवाट कशी लावणार.

शाळेसाठी दोन प्रयोग

शिक्षकांना हे तत्त्व वर्गात सहज दाखविता येईल. दोन सारखे लोखंडी बोल्ट उकळत्या पाण्यात तापवून, चिमट्याने काढून पुसावेत. एक दोऱ्याने हवेत टांगावा व दुसरा वाटीभर खाद्यतेलात सोडावा. दोन-तीन मिनिटांनी दोन्ही काढून, कोमट पाण्याच्या सारख्या दोन वाट्यांत टाकून तापमापीने वाढ पाहावी. हवेतील बोल्टने पाणी अधिक तापलेले आढळेल. दुसऱ्या प्रयोगात विजेरीचे सेल व छोटा एलईडी दिवा यांच्या मंडलातील दोन मोकळी टोके प्रथम मिठाच्या पाण्यात व नंतर, पुसून कोरडी करून, तेलात बुडवावीत. पाण्यात दिवा लागतो. तेलात लागत नाही. घरातील विजेच्या जोडणीवर मात्र हा प्रयोग कदापि करू नये.

उष्णता चांगली वाहून नेणारा आणि वीज अडवून धरणारा पदार्थ हवा, एवढीच या तंत्राची मूलभूत गरज आहे. तो पदार्थ माती, पाणी व माणूस यांना निरुपद्रवी असावा, ही त्यासोबतची अट होय. ती पाळली गेली, तरच वाचलेली वीज खऱ्या अर्थाने समाजाच्या खात्यात जमा होईल.