छोट्या वेबसाईटचे एसएसएल सर्टिफिकेट : पैसे कशाचे द्यावेत?

आपल्यापैकी पुष्कळांनी आता दुकानाची किंवा कारखान्याची वेबसाईट करून घेतली आहे. वर्ष संपले की वेबसाईट सांभाळणाऱ्याचे बिल येते. त्यात डोमेन नावाची एक ओळ, होस्टिंगची एक ओळ आणि तिसरी ‘एसएसएल सर्टिफिकेट’ची असते. पहिल्या दोन ओळी समजतात. तिसरी समजत नाही, म्हणून ती न विचारता भरली जाते. कापडाचा ताका घेताना सूत किती नंबरचे, पन्हा किती, हे दहा वेळा विचारणारे आमचे व्यापारी बांधव इथे मात्र भावसुद्धा करत नाहीत.

सुरुवातीलाच सांगतो, छोट्या वेबसाईटला हे सर्टिफिकेट फुकट मिळते आणि फुकटचे म्हणून ते हलके नसते.

आधी माल कोणता ते पाहू. ग्राहक वेबसाईटवर नाव, पत्ता, मोबाईल नंबर भरतो तेव्हा तो मजकूर आपल्या सर्व्हरपर्यंत पोचताना वाटेत अनेक यंत्रांतून जातो. कुलूप नसेल तर तो उघड्या पोस्टकार्डासारखा असतो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. सर्टिफिकेट बसवले की ग्राहकाचा ब्राउझर आणि आपला सर्व्हर यांच्यातला मजकूर सांकेतिक रूपात जातो, आणि आपण त्याच नावाच्या वेबसाईटशी बोलत आहोत याची ब्राउझरला खात्री पटते. ही पद्धत नेटस्केप कंपनीने १९९५च्या सुमारास आणली. तिचे खरे नाव आता टीएलएस आहे. एसएसएलची शेवटची आवृत्तीसुद्धा २०१५ साली बाद ठरवण्यात आली. पण कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणतात, तसे बाजारात जुने नाव टिकून आहे.

‘आमच्या वेबसाईटवर पैसे घेतले जात नाहीत, मग कुलूप कशाला?’ असे काही कारागीर बांधव विचारतात. पैसे पेमेंट गेटवेच्या पानावर भरले जात असतील, हे खरे. पण ग्राहकाचा पत्ता आणि मोबाईल नंबर आपल्याच पानावर भरला जातो, आणि तो आपल्याकडे अमानत आहे. शिवाय जुलै २०१८पासून क्रोम ब्राउझर विनाकुलूप वेबसाईटच्या पत्त्याशेजारी ‘सुरक्षित नाही’ असे लिहू लागला. दुकानाच्या पाटीखाली कोणी अशी चिठ्ठी चिकटवली तर नवे गिऱ्हाईक पायरी चढेल काय?

आता भावाचा प्रश्न. सर्टिफिकेटच्या तीन जाती आहेत. पहिल्या जातीला डीव्ही म्हणतात. यात अर्जदाराच्या ताब्यात ते डोमेन नाव आहे एवढेच तपासतात. दुसरी ओव्ही. यात कंपनीची नोंदणी, पत्ता वगैरे कागद पाहतात. तिसरी ईव्ही. यात हीच तपासणी अधिक कडक असते. विक्रेत्याप्रमाणे डीव्हीचा वर्षाचा भाव काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत जातो, बाकीच्या दोन जाती त्याहून पुष्कळ महाग आहेत. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी की तिन्ही जातींत कुलूप सारखेच मजबूत असते. जादा पैसे जातात ते कागद तपासण्याचे. पूर्वी ईव्ही घेतले की पत्त्याच्या पट्टीत कंपनीचे नाव ठळक दिसे, म्हणून तरी काही लोक घेत. २०१९ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनी ते नाव पट्टीतून काढून टाकले. आता ग्राहकाला फरक दिसतच नाही.

वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. काटा बरोबर आहे एवढे तो सांगतो, पोत्यातली डाळ चांगली की किडकी हे सांगत नाही. डीव्ही सर्टिफिकेटचे तसेच आहे. लबाड माणूसही आपल्या फसव्या वेबसाईटला ते सहज घेतो. लोक कुलूप पाहून माणसावर भरवसा ठेवू लागले, म्हणूनच २०२३ साली क्रोमने पट्टीतले कुलपाचे चित्र बदलून दुसरे साधे चिन्ह आणले. आपण माल मागवताना हे विसरू नये. समोरच्या वेबसाईटला सर्टिफिकेट आहे म्हणजे समोरचा व्यापारी सचोटीचा आहे, असे होत नाही.

फुकट सर्टिफिकेट देणाऱ्यांत सर्वांत प्रसिद्ध नाव लेट्स एन्क्रिप्ट. अमेरिकेतील इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था ते चालवते. डिसेंबर २०१५मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. देणग्या आणि मोठ्या कंपन्यांची वर्गणी यांवर त्याचा खर्च चालतो. फुकट देणे त्यांना परवडते कसे? कारण मध्ये माणूस नाही. आपला सर्व्हर मागणी करतो. तिकडून एक खुणेचा शब्द येतो आणि तो आपल्या वेबसाईटवर ठरलेल्या जागी ठेवायला सांगतात. मग तिकडचे यंत्र त्या जागी तो शब्द आहे का पाहते. असला तर डोमेन अर्जदाराच्या ताब्यात आहे असे ठरते आणि सर्टिफिकेट मिळते. सारा व्यवहार काही क्षणांत उरकतो. मुख्य डोमेनखाली शाखांच्या वेगवेगळ्या उपवेबसाईट असतील तर त्या सर्वांना मिळून एकच सर्टिफिकेट लागते, तेही तिथे मार्च २०१८पासून फुकट मिळते. बाजारात याच मालाला भारी किंमत लावलेली आढळते.

सामान्य व्यापाऱ्याला हे सर्व स्वतः करावे लागत नाही. पुष्कळ होस्टिंग कंपन्यांच्या सी-पॅनलमध्ये ‘ऑटो-एसएसएल’ नावाची सोय असते. ती चालू असेल तर सर्टिफिकेट आपोआप बसते आणि आपोआप नवे होते. मात्र काही विक्रेते सर्टिफिकेट विकण्यासाठी ही सोय मुद्दाम बंद ठेवतात. म्हणून होस्टिंगचे पैसे भरण्याआधी विचारावे की फुकट एसएसएल वर्षभर आहे का, दुसऱ्या वर्षीही आहे का, आणि ते आपोआप नवे होते का. पहिल्या वर्षी फुकट आणि दुसऱ्या वर्षी हजारोंचे बिल, हा प्रकार नवा नाही. शॉपिफाय किंवा ब्लॉगरसारख्या तयार ठिकाणी वेबसाईट असेल तर सर्टिफिकेट तिथेच मिळते, वेगळे घेण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग क्लाउडफ्लेअरचा. ही कंपनी २०१४पासून छोट्या वेबसाईटना फुकट सर्टिफिकेट देते. यात ग्राहक आणि आपला सर्व्हर यांच्यामध्ये त्यांचा सर्व्हर उभा राहतो. इथे एक मेख आहे. ‘फ्लेक्सिबल’ हा पर्याय निवडला तर ग्राहकापासून क्लाउडफ्लेअरपर्यंत कुलूप लागते, पण तिथून आपल्या सर्व्हरपर्यंत माल उघडाच जातो. ग्राहकाला मात्र सारे सुरक्षित दिसते. हे योग्य नाही. आपल्या सर्व्हरवरही सर्टिफिकेट बसवून ‘फुल स्ट्रिक्ट’ हा पर्याय घ्यावा.

मग पैसे देऊन घ्यावेच नये काय? तसेही नाही. निर्यातदाराकडे परदेशी खरेदीदाराने ओव्हीची अट घातली असेल, किंवा अडचण आल्यावर फोन उचलणारा माणूस हवा असेल, तर पैसे देणे रास्त आहे. मात्र ‘मोठ्या नावाचे महाग सर्टिफिकेट म्हणजे कायमचा भरवसा’ ही समजूत सोडावी. सिमँटेक हे एके काळी या धंद्यातले बडे नाव होते. त्यांच्या कामात गलथानपणा आढळल्यावर ब्राउझरवाल्यांनी २०१८ सालात त्यांची जुनी सर्टिफिकेटे मानणे बंद केले. फुकट देणाऱ्या स्टार्टकॉम या कंपनीवरही २०१६ साली तीच पाळी आली होती. म्हणजे किंमत काहीही असो, ब्राउझर ज्याला मानतो तेच नाणे चालते.

आता सर्वांत महत्त्वाची बाब मुदतीची. सर्टिफिकेटची मुदत उलटली की ग्राहकाला आपल्या वेबसाईटऐवजी पानभर इशारा दिसतो आणि तो परत फिरतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत असे झाले तर कपड्याच्या व्यापाऱ्याचे काय होईल ते सांगायला नको. लेट्स एन्क्रिप्टचे नेहमीचे सर्टिफिकेट ९० दिवसांचे ठरवलेले होते, तर विकतचे २०२०पासून जास्तीत जास्त ३९८ दिवसांचे. एप्रिल २०२५मध्ये ब्राउझर कंपन्या आणि सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या यांच्या संयुक्त मंडळाने ही कमाल मुदत टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले. १५ मार्च २०२६पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९पासून फक्त ४७ दिवस, असा तो ठराव आहे. याचा अर्थ विकतचे घेतले तरी ते वर्षातून सात-आठ वेळा नवे करावे लागणार. जो तंत्रज्ञ दर खेपेला हाताने बसवून मजुरी घेतो, त्याची मजुरीही तितक्याच वेळा द्यावी लागेल. म्हणून आमचे मत असे की पैसे द्यायचेच असतील तर सर्टिफिकेटचे देऊ नयेत, ते आपोआप नवे होईल अशी व्यवस्था एकदा लावून देण्याचे द्यावेत. ‘पाच वर्षांचे सर्टिफिकेट’ म्हणून जे विकतात त्यातही पाच वर्षांची फक्त वर्गणी असते. सर्टिफिकेट मधून मधून नवे बसवावेच लागते.

बसवून झाल्यावर दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. जुन्या विनाकुलूप पत्त्यावर आलेला ग्राहक आपोआप नव्या पत्त्यावर जातो का, आणि जुनी चित्रे अजून जुन्याच पत्त्यावरून येत नाहीत ना. पुष्कळदा सर्टिफिकेट असूनही इशारा दिसतो तो या दुसऱ्या कारणाने. सर्टिफिकेटबरोबर एक ‘प्रायव्हेट की’ तयार होते. ती म्हणजे तिजोरीची किल्ली. कोणी कितीही ओळखीचा असला तरी ती व्हॉट्सॲपवर पाठवू नये. आणि डोमेन नाव स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर आहे की वेबसाईट करणाऱ्याच्या, हेही एकदा पाहावे. ते त्याच्या हाती असेल तर सर्टिफिकेटही त्याच्याच मर्जीने मिळणार.

जीएसटी किंवा टेंडरसाठी जी डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनवर मिळते तिचा या सर्टिफिकेटशी काही संबंध नाही. ती व्यक्तीची सही असते, वेबसाईटला तिचा उपयोग होत नाही.

मुदत पाहायची असेल तर ब्राउझरमध्ये आपली वेबसाईट उघडून पत्त्याच्या डाव्या बाजूचे चिन्ह दाबावे. तिथे सर्टिफिकेट कोणी दिले आणि कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते दिसते. ती तारीख वहीत लिहून ठेवावी. लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेलने आठवण करून देत असे. जून २०२५पासून त्यांनी ते बंद केले आहे.