क्वार्टरबॅकची घाई का नको?

प्रश्न : ऑफिसातल्या मित्रांनी यंदा मला त्यांच्या फॅन्टसी फुटबॉल लीगमध्ये ओढलं आहे. आम्ही १२ जण आहोत, स्नेक ड्राफ्ट आहे, माझा नंबर तिसरा. सगळ्यात जास्त गुण क्वार्टरबॅकच मिळवतात, तरी जो तो सांगतो, ‘क्वार्टरबॅकमध्ये डेप्थ आहे, घाई करू नकोस.’ ही डेप्थ मोजायची कशी?
– एक वाचक, एडिसन (न्यू जर्सी)

उत्तर : तुम्हाला पडलेला मोह या खेळाइतकाच जुना आहे. फॅन्टसी फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट १९६३ साली कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये झाला, आणि त्यात पहिलं नाव पुकारलं गेलं ते जॉर्ज ब्लांडा या क्वार्टरबॅकचं. जिम ब्राऊनसारखा रनिंग बॅक तेव्हा शिल्लक होता!

आधी गरज मोजा. एनएफएलमध्ये ३२ संघ, म्हणजे साधारण ३२ क्वार्टरबॅक नियमित खेळणार. तुमच्या लीगमध्ये नेहमीचे नियम असतील तर प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक उतरवायचा आहे. १२ लागतात, २० उरतात. रनिंग बॅक मात्र प्रत्येकी दोन, म्हणजे २४. शिवाय ‘फ्लेक्स’च्या (रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड यांपैकी कुणीही चालेल अशा) जागेवरही बरेच जण रनिंग बॅकच घालतात. संघ तेवढेच ३२, आणि त्यातले कित्येक प्रशिक्षक हल्ली धावण्याचं काम दोघांत वाटून देतात. जवळजवळ सगळा भार एकट्याने उचलणारे रनिंग बॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात. वाइड रिसीव्हरचं उलट आहे. बहुतेक संघ बऱ्याचदा तिघांना एकदम मैदानात उतरवतात, त्यामुळे नावं भरपूर. पण तुमच्या लीगने दोनाऐवजी तीन रिसीव्हर मागितले, तर २४ची गरज ३६ होते आणि तीच जागा विरळ वाटू लागते. म्हणून दुसऱ्याच्या लीगसाठी बनवलेली यादी डोळे मिटून वापरू नका.

आयपीएलचा लिलाव तुम्ही पाहत असालच. अकरा जणांत परदेशी चारच चालतात, म्हणून चांगल्या भारतीय यष्टिरक्षक-फलंदाजाचा भाव चढतो. २०२५च्या हंगामासाठी लखनौने ऋषभ पंतला २७ कोटी मोजले, त्यात त्याच्या धावांइतकाच वाटा त्याच्यासारखे दुसरे किती मिळतील या हिशेबाचा होता.

तर मोजायचं ते हे : आज हा खेळाडू सोडला, तर पुढच्या पाळीला याच जागेवर मला कोण मिळेल, आणि दोघांत किती गुणांचा फरक असेल? फरक थोडा असेल तर ती जागा खोल. मोठा असेल तर उथळ.

२०२२चा हंगाम यासाठी फार बोलका आहे. कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सने ५,२५० यार्डांचे पास टाकले, ४१ टचडाऊन पास दिले. फॅन्टसीत त्याचे ४००च्या वर गुण झाले. पण बफेलोचा जॉश अॅलन त्याच्या फारसा मागे नव्हता. त्याच महोम्सचे पास झेलणारा टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी : ११० झेल, १,३३८ यार्ड, १२ टचडाऊन. झेलामागे एक गुण धरला तर सुमारे ३१६. महोम्सपेक्षा बरेच कमी. पण त्याच्या खालोखालचा टाइट एंड टी. जे. हॉकेन्सन ८६ झेल, ९१४ यार्ड आणि ६ टचडाऊनवर थांबला, म्हणजे केल्सीच्या सुमारे १०० गुण मागे. १७ सामन्यांत वाटलं तर दर आठवड्याला सहाएक गुणांची आघाडी, तीही अशा जागेवर जिथे इतरांकडे उत्तरच नव्हतं. मला विचाराल तर त्या वर्षी केल्सी महोम्सपेक्षा मोलाचा होता.

पण पुढच्याच वर्षी काय झालं तेही पाहा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये केल्सी पहिल्याच फेरीत जाऊ लागला, आणि त्याने ९८४ यार्ड व ५ टचडाऊन केले. डेट्रॉईटचा नवखा सॅम लापोर्टा ८६ झेल आणि १० टचडाऊन करून त्याच्या पुढे गेला. गेल्या वर्षीची दरी यंदाही असेलच असं धरून चालू नका. यंदाचे अंदाज घ्या आणि ते एकाच माणसाचे घेऊ नका.

ड्राफ्टच्या दिवशी कागदावर जागेप्रमाणे रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात अंदाजित गुणांच्या क्रमाने नावं लिहा आणि जिथे गुण एकदम घसरतात तिथे आडवी रेघ मारा. दोन रेघांमधली नावं जवळजवळ सारखीच समजायची. जसजसे खेळाडू जातील तसतशी नावं खोडत जा. आपली पाळी आली की रेघेच्या वर किती उरलेत ते बघा.

तिसऱ्या नंबराची मोठी सोय इथेच आहे. स्नेक ड्राफ्टमध्ये निवडीचा क्रम दर फेरीला उलटतो, म्हणून तुमची पहिली निवड ३री, मग २२वी, मग २७वी. ३ ते २२ मध्ये १८ खेळाडू जातील, तिथे अंदाजच बांधावा लागेल. पण २२ ते २७ मध्ये फक्त चारच जातात, आणि तेही पहिल्या व दुसऱ्या नंबरवाल्यांचेच. त्या दोघांच्या याद्या बघा. दोघांनीही टाइट एंड घेतलेला असेल, तर २२ला दुसरं कुणी घ्या. तुमचा टाइट एंड २७पर्यंत बहुधा थांबेल. हा हिशेब प्रत्येक दोन फेऱ्यांनी पुन्हा येतो.

राखीव जागांवर रनिंग बॅक आणि रिसीव्हर भरा, दुसरा क्वार्टरबॅक नको. किकर आणि डिफेन्स अगदी शेवटी.

आणि ड्राफ्टच्या आधी लीगच्या नियमांत ‘सुपरफ्लेक्स’ आहे का ते नक्की तपासा. त्या जागेवर दुसरा क्वार्टरबॅक उतरवता येतो आणि बहुतेक जण तेच करतात. मग ३२पैकी २४ क्वार्टरबॅक दर आठवड्याला लागतात, दुखापती आणि सुट्टीच्या आठवड्यांसाठी राखीव ठेवायचे ते वेगळेच. तसं असेल तर वरचा क्वार्टरबॅकचा हिशेब पूर्ण उलटा धरा, आणि तिसऱ्या नंबरच्या पहिल्याच निवडीला खुशाल क्वार्टरबॅकच घ्या.